काच हातात असताना

प्रिय लुडबुडबाई,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू घाबरली असशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, आई बरी आहे. जेवतेय, झोपतेय, आणि मी हे लिहितोय तेव्हा खिडकीत बसून खालून जाणाऱ्या पोस्टमनच्या टोपीचं कौतुक करतेय. ऑपरेशनची तारीख तुला माहीत आहे, ती बदललेली नाही. तेव्हा श्वास सोड आणि सावकाश वाच. फोन असताना हा बाबा पत्र कशाला लिहितोय, असं तू म्हणशील. एक तर फोनवर तू मला 'बाबा, मुद्द्यावर ये' म्हणतेस, आणि मी आयुष्यात कधी सरळ मुद्द्यावर आलेलो नाही, मला आधी सगळ्या गल्ल्या फिरून यावं लागतं. आणि दुसरं म्हणजे मी फोन केला की मागून आईचं हसू ऐकू येतं आणि तू काहीतरी निमित्त काढून फोन ठेवतेस. पत्रात निदान मला पुरतं बोलू द्यावं लागेल तुला.

आधी दुकानाच्या बातम्या. दुकान चालू आहे, पण अर्ध्या शटरवर. मोठी काच मी आता घेत नाही. फोटोच्या चौकटी, आरसे, कोणीतरी चेंडू मारून फोडलेली तावदानं, एवढीच कामं. मोठं काम आलं की समोरच्याकडे पाठवतो. हो, समोरच्याकडेच. ज्याचा विषय या घरात काढायची बंदी होती आणि ज्याच्या पाटीवरचं 'शहरातील पहिले काचेचे दुकान' वाचून तुझी आई दर वेळी नाक मुरडायची, त्याच्याकडे. ते कसं झालं ते पुढे येईलच. तुझं ते लाकडी खोकं अजून कपाटाखाली आहे, ज्यावर बसून तू अभ्यास करायचीस आणि काच पक्की करायच्या मऊ लांबीचे गोळे करून उंट बनवायचीस. चौकटीत काच बसवायची म्हणून मी लांबीचा डबा उघडतो, तो जवसाच्या तेलाचा वास येतो, आणि सवयीने माझ्या तोंडून निघतं, 'हात लावू नकोस गं.' दुकानात कोणी नसतं. मग मी डबा थोडा वेळ उघडाच ठेवतो.

हे सगळं ज्या दिवशी सुरू झालं, तो दिवस मी तुला फोनवर दोन वाक्यांत उरकला होता. आता नीट सांगतो. कोपऱ्यावरच्या पाववाल्याने दुकान नवं केलं आणि दर्शनी काच आपल्याकडे सांगितली. दुकान दोन वळणांवर, त्यासाठी गाडी कशाला करायची, म्हणून आम्ही दोघांनी हातानेच न्यायचं ठरवलं. आमची पद्धत तुला पाठ आहे. काच उभी धरायची, एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी, ती काचेच्या एका अंगाला, मी दुसऱ्या. ती तोंड रस्त्याकडे करून चालणार आणि मी तिच्याकडे तोंड करून उलटा. मला रस्ता दिसत नाही, दिसते फक्त ती, काचेतून. आणि तिच्या तोंडून येतात मोजके शब्द. पायरी. खड्डा. डावीकडे. सावकाश. टेकवा. लग्नाच्या आधीपासून मी त्या शब्दांवर चालत आलो. मागे वळून कधी पाहिलं नाही, तशी गरजच पडली नाही.

पहिलं वळण घेतलं आणि ती हसली. तुला सांगतो, मला आधी ते हसू आहे हे कळलंच नाही. काच हातात असताना तिच्या तोंडून असला आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. मला वाटलं, माझ्या पाठीमागे काहीतरी भयंकर आहे, एखादी गाडी अंगावर येतेय, आणि हिला शब्द सुचत नाहीये. म्हणून मी ते केलं जे काचवाल्याने कधी करू नये. मागे वळून पाहिलं. मागे काहीही नव्हतं. रिकामा रस्ता, ऊन आणि एक उलटी पडलेली बादली. तेवढ्यात माझं टोक खाली गेलं आणि काच गेली. पाववाला पिठाच्या हातांनी धावत आला, शेजारचा शिंपी गळ्यात टेप तसाच ठेवून आला, येणारेजाणारे थांबले. आई त्या तुकड्यांच्या मधोमध उभी होती, एक ओरखडासुद्धा नाही, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. मला म्हणाली, "अहो, किती सुंदर आवाज आला! जन्मभर आपण हा आवाज होऊ नये म्हणून जपत आलो, आणि तो इतका सुंदर होता!" लोकांना वाटलं धक्का बसला असेल. पाववाल्याने पाणी आणलं. तिने पाण्याचंही कौतुक केलं.

काच हातात असताना हसायचं नाही, हा नियम तू चालायला लागल्यापासून ऐकत आलीस. तुला तो आईचा नियम वाटायचा, आणि तो दुकानातून घरात आलेला तू पाहिलास. जेवताना हसायचं नाही असं ती कधी म्हणाली नाही, पण जेवताना ती हसली नाही. तू शाळेच्या शर्यतीत पहिली आलीस तेव्हा म्हणाली, "बरं झालं. हात धुवून घे." तुला लांबच्या शहरात नोकरी लागली तेव्हाही "बरं झालं", आणि मग तुझ्या बॅगेची कडी ओढओढून पाहिली. आपण दोघांनी त्या 'बरं झालं'ची किती टिंगल केली! तू म्हणायचीस, आईचं 'बरं झालं' फ्रेम करून दुकानात लावूया, काच काय घरचीच आहे. मी हसायचो. पण असं म्हणताना तुझं लक्ष दाराकडे असायचं, ती आली का, तिने ऐकलं का, ती चिडून का होईना पण काही म्हणतेय का. ते मला दिसत होतं.

तो नियम तिचा नव्हता. तो तिच्या वडिलांचा होता. आजोबांच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकायची नाहीत, आठवतं? तू त्यांना पेन्सिल धरायला शिकवायचीस आणि ते मुद्दाम पाडायचे. काच निसटून तो हात कापला गेला होता. त्या वेळी दुसऱ्या टोकाला कोण होतं, हे तू कधी विचारलं नाहीस, आणि या घरात आपणहून काही सांगायची रीत नाही. आई होती. शाळेत जाणारी पोर. आजोबांनीच चालता चालता काहीतरी गंमत केली, ती खळखळून हसली आणि तिचे हात हलले. आजोबांनी तिला कधी बोल लावला नाही. उलट दवाखान्यातून आल्यावर त्यांनी हा नियम केला, म्हणजे चूक पोरीची नाही, आपल्या दुकानात नियम नव्हता म्हणून झालं, असं तिला वाटावं. भला माणूस होता. पण ती पोर त्या नियमात जी राहायला गेली ती तिथेच राहिली. हे मला तिने सांगितलेलं नाही, आजोबांनी सांगितलं, लग्न ठरल्यावर, म्हणजे मी पुढे कधी तिला 'जरा हस की' म्हणून छळू नये.

आणि मी तिच्या पदरात पडलो तोही त्या हातामुळेच. मी तेव्हा फोटोवाल्याकडे कामाला होतो आणि चौकटींसाठी काचा न्यायला त्यांच्या दुकानात जायचो. आजोबांचा हात कामातून गेलेला, दुसरं टोक धरायला माणूस नाही. एक दिवस मला म्हणाले, "जरा धरतोस का?" नवख्याला उलटं चालवायचं अशी त्या घराची रीत होती, कारण रस्ता दिसला की नवखा घाबरून घाई करतो. तर मी उलटा, आणि काचेपलीकडे ही मुलगी, ओठ घट्ट मिटलेले, डोळे माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे. ती म्हणाली, "पायरी." बस, मी तिथेच गेलो कामातून. इतक्या काळजीने मला तोपर्यंत कोणी काही सांगितलं नव्हतं. ते टोक मी अजून सोडलेलं नाही, आणि एवढी वर्षं झाली तरी बाईसाहेबांच्या लेखी मी नवखाच आहे, अजून मलाच उलटं चालवतात.

असो. डॉक्टरबाईंनी मेंदूचे फोटो भिंतीवरच्या उजेडात लावून दाखवले. कपाळाच्या मागे गाठ. वाईट जातीची नाही, पण वाढतेय, आणि वाढू दिली तर जिवावर बेतेल, म्हणून काढायलाच हवी. ती जिथे दाबतेय तिथे माणसाचा लगाम असतो म्हणे, कुठे थांबायचं, काय मनात ठेवायचं, ते सगळं. तो सैल झालाय. मग त्यांनी तिच्या त्या हसण्याला एक शब्द वापरला, युफोरिया. आई इतकी खूश झाली की काय विचारू नकोस. म्हणाली, "किती छान नाव आहे हो, अत्तराचं असावं तसं!" मग तिने डॉक्टरबाईंच्या केसांची तारीफ केली, त्यांच्या चपलांची केली, भिंतीवरच्या त्या उजेडाच्या काचेचीही केली, फक्त ती काच बसवणाऱ्याने खालची पट्टी तिरकी मारलीय एवढं सांगितलं. गाठ असो नसो, काचवाली ती काचवालीच.

तेव्हापासून घरात रोज नवी तऱ्हा आहे. मध्यंतरी एक दिवस रस्ता ओलांडून थेट समोरच्याच्या दुकानात गेली. मी मागे धावतोय, आता काय होतंय म्हणून. त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तुमची पाटी खोटी आहे, पण अक्षर फार सुरेख आहे. मला पहिल्या दिवसापासून आवडतं." त्या माणसाने खुर्ची पुसली, चहा मागवला, आणि चहा येईपर्यंत डोळे पुसत बसला. त्याची बायको गेल्यापासून त्याच्याशी कोणी एवढं गोड बोललं नव्हतं म्हणे. आता आपली मोठी कामं तो करतो आणि त्याची सून रोज आईला बघून जाते. आणखी एक. जिन्यात, रस्त्यात, कोणाचंही मूल मधे कडमडलं की आई त्याला म्हणते, "काय गं लुडबुड?" मुलगा असला तरी. आणि सकाळी उठल्या उठल्या मला पहिला प्रश्न, "आज येणार का ती?" मी म्हणतो, आज नाही, कामात आहे. ती म्हणते, "बरं, मग उद्या," आणि खिडकीत जाऊन बसते, जशी काही उद्याची गाडी आजच दिसणार आहे.

डॉक्टरबाईंकडून आलो त्याच दिवशी मी तुला फोन करून त्या शब्दाचा अर्थ विचारला होता. औषधांच्या खोक्यातल्या बारीक अक्षरांच्या कागदांचं भाषांतर करण्यात तुझा दिवस जातो, तुला नाही विचारायचं तर कोणाला? तू क्षणभरही न थांबता म्हणालीस, "खोटा आनंद, बाबा. आजारातला. कारण नसलेला." मग म्हणालीस, "मी काचेच्या पलीकडून माकडचेष्टा करत पळायचे, ती बघायचीसुद्धा नाही. एवढी वर्षं वाट पाहिली मी त्या हसण्याची. आता गाठीकडून मिळालेलं मला नकोय. ऑपरेशन झालं की येते, तेव्हा घरात माणूस लागेल." तू हे रागाने म्हणाली असतीस तर मी तुला समजावलं असतं. तू अगदी शांतपणे म्हणालीस, तुझ्या आईसारखी, आणि मी फक्त 'बरं' म्हणून फोन ठेवला.

पण मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात गेलो. तिथल्या बाई ओळखीच्या आहेत, त्यांच्या वाचनकक्षाच्या खिडक्या आपणच बसवल्या होत्या. त्यांनी शब्दांची कुळं सांगणारं एक जाडजूड पुस्तक काढलं, भिंग दिलं, आणि इंग्रजी अडलं तिथे स्वतः वाचून दाखवलं. तू सांगितलेला अर्थ त्यात होता, तेव्हा तू चुकलीस असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण तो सगळ्यात शेवटी होता. त्याच्या आधी सगळे लोक वापरतात तो, आभाळ ठेंगणं वाटण्याइतका आनंद. आणि मुळाशी गेलं तर ग्रीक भाषेतले दोन तुकडे. एकाचा अर्थ चांगलं, दुसऱ्याचा वाहून नेणं. चांगलं वाहून नेणं. नीट पेलणं. मी बाईंना ते परत वाचायला लावलं. इंग्रजीत हा शब्द तीनेकशे वर्षांपूर्वी आला तो वैद्यांच्या तोंडून. रोग्याला औषध दिलं, त्याच्या अंगाने ते नीट पेललं, त्याला जरा हलकं वाटलं, की ते म्हणायचे युफोरिया. नाचणं नाही, खिदळणं नाही. आजारी माणसाने कूस बदलून 'आता बरं वाटतंय' म्हणावं, इतकंच. पुढे लोकांनी तो फुगवत फुगवत आभाळाएवढा केला, आणि मग डॉक्टरांनी परत उचलून आजाराला चिकटवला. म्हणजे सुरुवातीला हा शब्द 'बरं झालं' एवढाच होता, लुडबुडे. मी त्या बाईंना म्हटलं, हे आमच्या घरी कायम ऐकू यायचं. त्या बिचाऱ्यांना काय कळणार, त्यांनी भिंग पुसून खणात ठेवलं.

घरी येताना मी त्याच विचारात होतो. आनंद ही पेलायची गोष्ट आहे, हे मला माझ्या धंद्यात राहूनही कधी सुचलं नव्हतं. मला वाटायचं दुःख पेलावं लागतं, आनंदाचं काय, तो आपला आपण असतो. आणि इथे तुझी आई, जी कधी हसली नाही असं आपण दोघं म्हणत आलो. मग ती इतकी वर्षं ओठ मिटून नेमकं काय वाहत होती, हा प्रश्न मला पडला आणि मी रस्त्यातच उभा राहिलो.

उत्तर मी शोधलं नाही, ते गेल्या आठवड्यात आपोआप आलं. तिच्या खिडकीचं तावदान सैल झालं होतं, सारखी टेकून बसते ना. मी सज्जात उतरून बाहेरून नवी काच बसवली, कडेची लांबी अंगठ्याने दाबून घेतली आणि फडक्याने काच पुसत होतो. आत ती, बाहेर मी. अचानक तिने नाक काचेवर दाबून चपटं केलं. मी हसलो. मग तिने डावा गाल फुगवला आणि एक डोळा मिटला. मग दोन्ही कान ओढून जीभ बाहेर काढली. आणि मग वरचा ओठ वर ओढून समोरच्या एका दातावर जीभ ठेवली, तो दात नाहीच असं दिसावं म्हणून. माझा हात तिथेच थांबला. लुडबुडे, तो तुझा पडलेला दात होता. ते सगळे तुझे चेहरे होते, त्याच क्रमाने. आम्ही काच घेऊन चाललेलो असायचो आणि तू माझ्या बाजूने काचेला खेटून पळत पळत तिला करून दाखवायचीस ते. मला ते कडेने दिसायचे, म्हणून मी ओळखले. तिने सगळे पाहिले होते. एकही विसरली नव्हती.

मी आत आलो. ती पोट धरून हसत होती. म्हणाली, "काय छळलंय हो त्या कार्टीने मला! मी दात आवळून धरायचे. एकदा तर जीभ चावली, तोंडात रक्त आलं, पण हसले नाही. हसले असते तर काच तिच्याच अंगावर गेली असती." एवढं बोलून परत हसायला लागली आणि मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. तुझ्या बाजूने तुला एक दगडी तोंड दिसत होतं. तिच्या बाजूने तिला तू दिसत होतीस, पडक्या दाताची, काचेच्या इतकी जवळ, आणि हातात तिचं ते आजोबांच्या वेळचं भय. पुढे तू मोठी झालीस, काचेला खेटून पळेनाशी झालीस, पण तिला हात खाली ठेवायचं सुचलंच नाही. मी डॉक्टरबाईंना विचारलं, हे हसू गाठीने आणलं, की ते आधीपासून होतं आणि गाठीने नुसता लगाम काढला? त्या म्हणाल्या, ते कोणालाच सांगता येणार नाही. मला सांगता येतं, पण मी काही डॉक्टर नाही.

माझं काय चाललंय ते तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. मी सुखात आहे आणि मला भीती वाटते. मी घरी आलो की ती जिन्याच्या तोंडाशी येऊन उभी राहते आणि "आले, आले!" म्हणून शेजाऱ्यांना सांगते, जसा काही मी जग फिरून आलोय. मी खालच्या दुकानातून वर आलेलो असतो. या वयात कोणी आपल्या येण्याने एवढं हरखावं, याची मला सवय नाही. मला हे संपू नये असं वाटतं, आणि असं वाटल्याची लाज वाटते, कारण हे संपलं नाही तर ती संपेल. कधी कधी ती झोपलेली असताना मी तिच्या मिटलेल्या ओठांकडे बघत बसतो. ती माझी जुनी बायको असते, पायरी सांगणारी, आणि मला तिचीही आठवण येते. मला दोघीही हव्या आहेत. तुझीही आठवण येते, रोज येते, पण ती तुला सांगायची नसते असं मी इतकी वर्षं धरून चाललो, या घराचं पाणी मलाही लागलंच की.

आता मुद्दा. कागदपत्रांवर सही करायला गेलो तेव्हा बाहेरच्या बाकावर डॉक्टरबाई मला म्हणाल्या, "काळजी करू नका, गाठ निघाली की त्या बहुतेक पूर्वीसारख्या होतील." आनंदाची बातमी म्हणूनच सांगितली त्यांनी, आणि मी आभारही मानले. मला वाटलं आईने ऐकलं नाही, ती तिकडे फुलदाणीचं कौतुक करत होती. संध्याकाळी चहा पिताना ती म्हणाली, आणि हे म्हणताना ती हसत नव्हती, "अहो, ती नंतर येणार आहे ना? नंतर मी परत तशीच असेन. तिला आधी बोलवा. एकदा बघू दे तिला. एकदा बघितलं की मग मी कितीही तोंड आवळून बसले तरी तिला कळेल आत काय चाललंय ते." म्हणून हे पत्र. नंतरच्या सेवेची काळजी करू नकोस, मी आहे, समोरच्याची सून आहे. तू आधी ये. हे हसू तुझं आहे, फार दिवसांचं राहिलेलं, ते गाठीकडून मिळतंय म्हणून परत पाठवू नकोस. आणि थोडं माझ्यासाठीही ये. तुझी आई हल्ली रस्त्याकडे बघत नाही, आभाळाकडे बघते. मी तसाच उलटा चालतोय, हातात हे एवढं मोठं सुख, आणि ते एकट्याला पेलत नाही. दुसरं टोक धर. समोर उभी राहा आणि मला सांग, पायरी कुठे आहे.

तुझाच,
अजून नवखा,
बाबा